बाबांचा साबण आणि बोअरचं पाणी

आमच्या मेहकरच्या घरात मोरीशेजारी भिंतीतलं एक कपाट आहे. त्याच्या दाराला आतून बॉलपेनने लिहिलेल्या तारखांच्या दोन रांगा आहेत. डावीकडे 'सुरू', उजवीकडे 'संपला'. लहानपणी मला वाटायचं, हा गॅसच्या सिलिंडरचा हिशोब असणार. तो निघाला बाबांच्या दाढीच्या साबणाचा. एक ओळ मला पाठ आहे, कारण ती त्यांच्या सगळ्यात मोठ्या रेकॉर्डची: सुरू 14-1-2009, संपला 30-6-2009. एक वडी, साडेपाच महिने, दाढी रोज.

बाबा एसटीत कंडक्टर होते, मेहकर आगारात. सुट्ट्या पैशांचा हिशोब करणारा माणूस साबणाचाही करणारच, यात मला कधी विशेष वाटलं नाही. पण कडक वडीच का, क्रीम का नाही, हे मी त्यांना एकदाच विचारलं होतं. कॉलेजात होतो तेव्हा. ते म्हणाले, "मुक्कामी गाडीवर ट्यूब पिशवीत फुटते. वडी फुटत नाई." संपला विषय. मी तेव्हा डब्यातला फोम वापरायचो. बटण दाबलं की हातावर आइस्क्रीमसारखा गोळा. बाबा त्याच्याकडे बघून नुसते हसायचे.

यंदा मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू. बोलणं महिन्याभरात बऱ्यापैकी परत आलं, हात आला नाही. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि इथूनच काम सुरू केलं. आंघोळ, औषधं, फिजिओथेरपी हे सगळं आई आणि मी वाटून घेतलं. दाढी कुणी मोजलीच नव्हती. पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने गाल चोळला आणि आरसा मागितला. आरसा बघून झाल्यावर तो पालथा ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

डॉक्टरांनी ट्रिमर सुचवला होता, आणि त्यांचं कारण बरोबर होतं. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. ट्रिमर आणला. चार दिवस फिरवला. ट्रिमरनंतर जे बारीक खुंट राहतात, त्यावरून डावा हात फिरवत ते म्हणाले, "ड्युटीवर असतो तं घरी पाठवलं असतं मले." तीस वर्षं ज्याने पहाटेच्या गाडीला जाण्याआधी गुळगुळीत दाढी केली, त्याच्यासाठी खुंट म्हणजे आजारपण. मग डॉक्टरांना विचारून, तुरटीचा खडा जवळ ठेवून, मी त्यांचा जुना सेफ्टी रेझर हातात घेतला.

दुसऱ्याची दाढी करणं वेगळीच गोष्ट आहे. स्वतःची दाढी पाच मिनिटांत होते, कारण कातडी कुठे ताणायची, मान किती वळवायची हे अंगाला माहीत असतं. बाबांचा उजवा गाल लोंबतो. तो दोन बोटांनी वर धरायचा, पातं अगदी कमी जोराने उतरवायचं, मध्येच त्यांना ठसका येतो, थांबायचं, लाळ पुसायची, पुन्हा सुरू. वीस-पंचवीस मिनिटं. आणि इथे माझा डब्यातला फोम हरला. दहाव्या मिनिटाला तो बसून जायचा, गालावर नुसता पांढुरका ओलावा उरायचा. कोरड्या कातडीवर पातं अडकतं. दुसऱ्याच दिवशी जबड्याखाली कापलं. लहानशीच जखम, पण रक्त पंधरा-वीस मिनिटं थांबेना. आई दारात उभी राहून बघत होती, बोलली काही नाही. ते न बोलणं मला अजून आठवतं.

बाबांची जुनी वडी कपाटात होती, पण तिची चपटी टिकली झालेली, मधे भोक पडलेलं. ती आठवडाभर पुरली, आणि त्या आठवड्यात एकदाही कापलं नाही. फेस शेवटपर्यंत गालावर राहायचा, दाट, दह्यावरच्या सायीसारखा. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की गोष्ट सवयीची नाही, साबणाची आहे.

मेहकरच्या बाजारात दाढीची कडक वडी शोधायला निघालो. तुम्ही तुमच्या गावात शोधून बघा. किराणा दुकानात क्रीमच्या ट्यूबा, जनरल स्टोअरमध्ये फोम आणि जेल, सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात क्रीमचे मोठे डबे. एका म्हाताऱ्या दुकानदारांनी मात्र काउंटरमागून विचारलं, "गोल वडी? कोणासाठी?" आणि म्हणाले, "घेणारे गेले, म्हणून ठेवणं सोडलं." शेवटी मी फोनवरच बसलो आणि एक परदेशी, नावाजलेली, महाग वडी मागवली. तिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलत होते.

वडी आली. सुंदर डबी, सुंदर वास. ब्रश ओला करून घासला, घासला, आणखी घासला. वाटीत फाटलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागले. फेस नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वैतागून विकणाऱ्याला शिव्या देत होतो, तर बाबा खुर्चीतून म्हणाले, "साबणाले काहून बोलतो? पाणी पाह्य. बोअरचं हाये नं?"

बाबा कंडक्टर असताना गावं पाण्यावरून ओळखायचे. मुक्कामाच्या गावी सकाळी हातपंपाचं किंवा विहिरीचं पाणी वाटीत घ्यायचं, ब्रश फिरवायचा, फेस किती लवकर येतो ते बघायचं. कुठे चार फेऱ्यांत, कुठे चाळीस फेऱ्यांतही नाही. ज्या गावचं पाणी फेस देत नाही तिथे ते आदल्या रात्रीच चहावाल्याकडून उकळलेलं पाणी तांब्यात भरून ठेवायचे, सकाळपर्यंत गाळ तळाला बसायचा. हे सगळं त्यांनी मला आता सांगितलं, अडखळत, एका दाढीत दोन वाक्यं अशा वेगाने. झटका आला नसता तर मला हे कधी कळलंच नसतं, असं म्हणायला नको वाटतं, पण तसं आहे खरं.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द होते: सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. मार्कांसाठी पाठ केले आणि विसरलो. मराठीने इथे इंग्रजीपेक्षा सरळ काम केलंय. इंग्रजी पाण्याला 'कठीण' म्हणते, मराठी थेट फेसावरून नाव देते. आमच्याकडे खाली सगळा काळा दगड, बेसाल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. साबण या दोघांना भेटला की विरघळणारा साबण राहत नाही, न विरघळणारा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला जो थर जमतो, तोच. आधी पाण्यातलं कॅल्शियम साबण खाऊन टाकतं, मग उरलेल्याचा फेस होतो. म्हणजे दुष्फेन पाण्यात फेस कमी येतो एवढंच नाही, वडीही लवकर झिजते. वडी टिकाऊ आहे की नाही हा प्रश्न अर्धा वडीचा आहे आणि अर्धा बोअरचा.

उरलेला अर्धा समजून घ्यायला मी थोडं वाचलं. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर उकळली की साबण आणि ग्लिसरीन होतं. अल्कली सोडियमची असेल तर साबण कठीण, पोटॅशियमची असेल तर मृदू. अंगाची वडी जवळपास सगळी सोडियमची असते. दाढीचं क्रीम मुख्यतः पोटॅशियमचं, आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा. ट्यूब भराभर संपते त्यामागे हेही एक कारण. दाढीची चांगली कडक वडी या दोघांच्या मधली: सोडियम तिला घट्ट ठेवतं, पोटॅशियम तिला ब्रशवर लवकर उतरू देतं. म्हणून अंगाच्या साबणाने दाढी करता येत नाही असं नाही, पण त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि पटकन फुटतो. आमच्या वीस मिनिटांच्या दाढीला तो कामाचा नाही.

फेस टिकवण्याचं काम मात्र स्टिअरिक ॲसिडचं. मेणबत्तीत घालतात तेच. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1823 मध्ये चरबीवरचा आपला ग्रंथ छापला, चरबी नेमकी कशाकशाची बनते ते त्यात उलगडून दाखवलं. स्टिअरिक ॲसिडची ओळख जगाला त्याच्यामुळे झाली. खोबरेल तेलाचा साबण भसकन फेसाळतो आणि बसतो. स्टिअरिक ॲसिडचा साबण उशिरा फेसाळतो, पण त्याचे बुडबुडे इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत, आणि ते पाणी धरून ठेवतात. बाबांच्या गालावरची ती साय म्हणजे हे. गंमत अशी, की हाच साबण कॅल्शियमसमोर लवकर हार मानतो. जो सगळ्यात टिकाऊ, तोच बोअरच्या पाण्याला सगळ्यात घाबरट. माझी महागडी वडी वाईट नव्हतीच. तिला मेहकर माहीत नव्हतं.

आणि मेहकरला साबण माहीत नव्हता असं मात्र नाही. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची माहिती येते. त्यात मेहकर हे एक सरकार आहे, आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, आणि लोणार त्यात मोडतं. इथल्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारं सगळं सापडतं, अशी नोंद त्यात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस! मी हे वाचून उठून बाबांना सांगायला गेलो. लोणारच्या सरोवरात सोडियम कार्बोनेट आहे, तोच तो खार. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर त्याचे थर जमत. इंग्रजांच्या काळापर्यंत डल्ला, पापडी अशा प्रतवारीने तो काढला आणि विकला जात होता. या खाराबरोबर चुना उकळला की कॉस्टिक सोडा होतो, आणि कॉस्टिक सोड्याशिवाय कठीण साबण नाही. लाकडाच्या राखेवर भागवणाऱ्या मुलखांत मऊ साबण व्हायचा, कारण राखेत पोटॅशियम. आमच्या तालुक्याशेजारी निसर्गाने कडक वडीचा कच्चा माल उल्केच्या खड्ड्यात भरून ठेवला होता. आता सरोवर संरक्षित आहे, 2020 पासून रामसर यादीत आहे, खार काढायचा प्रश्न नाही.

बाबांची प्रतिक्रिया एवढीच: "तुही आजी दाळीत टाके खार. बोअरच्या पाण्यात दाळ शिजत नाई." तेही तेच रसायन. सोडा कॅल्शियमला बाजूला बसवतो, मग डाळ शिजते. क्षणभर वाटलं, दाढीच्या पाण्यातही चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा. पण सत्तरीतल्या पातळ कातडीवर तो प्रयोग नको म्हणून सोडून दिलं. तुम्हीही करू नका.

आता वडी निवडायची होती नव्याने, आणि अट एक आणखी होती. बाबा माळकरी. जगातल्या जुन्या, नावाजलेल्या कडक साबणांपैकी बरेच गाईच्या चरबीचे, कारण त्या चरबीत स्टिअरिक ॲसिड आयतंच भरपूर असतं. वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' दिसलं की ती चरबी. मी मागवलेल्या वडीवर ते होतं, मी बघितलंच नव्हतं. बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तोंड तं धुतलं नं नंतर." मग स्वतःच तुळशीच्या माळेला डावा हात लावून डोळे मिटले. ती वडी मी त्याच दिवशी घराबाहेर काढली. हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. अर्देशिर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढला, आणि स्वदेशीच्या त्या काळात लोकांनी तो उचलून धरला, त्यामागे हीच अडचण होती. त्याच कारणाने ब्रशही तपासला. डुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांचा नको, म्हणून नायलॉनचा घेतला. तो पाणी कमी धरतो आणि साबणही कमी गिळतो, हा वरचा फायदा.

मग मी वेष्टनं वाचायला शिकलो. यादीत पहिल्या दोन-तीन नावांत स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट आहे का. पाणी आणि ग्लिसरीन फार वर तर नाही ना; पारदर्शक, ओतून केलेल्या वड्या दिसायला छान, पण मऊ असतात आणि लवकर विरघळतात. वडी मिलिंग केलेली आहे का, म्हणजे साबणाचा लगदा लोखंडी रुळांतून पुन्हा पुन्हा दाबून काढलेला. त्याने पाणी आणि हवा निघून जाते, त्याच आकारात जास्त साबण बसतो. नखाने टोचून बघायचं, नख रुतलं तर वडी मऊ. आणि किंमत वडीची न बघता ग्रॅमची बघायची. असं करत वनस्पती तेलाची, तीनदा मिलिंग केलेली, नव्वद ग्रॅमची एक वडी ठरली. दाराच्या आतल्या बाजूला मी लिहिलं: सुरू 9 जून.

बाबांनी ती हातात घेतली, जोखली आणि विचारलं, "एवढी मोठी काहून आणली?"

"टिकते बाबा. पाच-सहा महिने जाईल."

"थेच म्हणतो. माह्याच्यानं संपते का हे?"

मी काहीतरी विनोद केला. आई स्वयंपाकघरात गेली. ज्या माणसाने आयुष्यभर साबण किती दिवस टिकतो हे मोजलं, तो आता उलट्या बाजूने मोजत होता, आणि मला त्यावर उत्तर सुचत नव्हतं. म्हणून मी मोजायला बसलो. हे पळून जाणंच होतं, मान्य आहे. पण त्यातून जे निघालं ते कामाचं निघालं.

माझ्या एका दोस्ताचं सोन्याचांदीचं दुकान आहे, त्याच्याकडे अचूक काटा. दर सोमवारी वडी पूर्ण वाळवून तिथे न्यायची. पहिल्या वेळी तो म्हणाला, "मोड आहे का?" पहिला आठवडा मुद्दाम बोअरच्या पाण्याने केला: सात दाढ्या, 5.6 ग्रॅम. म्हणजे एका दाढीला 0.8. पुढच्या आठवड्यात आदल्या रात्री उकळून, निवळून, वरवरचं घेतलेलं पाणी. उकळल्याने बोअरच्या पाण्यातला बराचसा चुना खाली बसतो. चहाच्या पातेल्याला जमतो तो थर. त्या आठवड्यात 4.3 ग्रॅम. मग पाऊस लागला. आईने पन्हाळीखाली घंगाळं ठेवलं. पावसाच्या पाण्यात विरघळलेलं काही नसतंच जवळपास. 3.9 ग्रॅम, आणि फेस असा की बाबा आरशात बघून म्हणाले, "हे लग्नातली दाढी झाली." नव्वद ग्रॅमची वडी बोअरच्या पाण्याने 112 दिवस गेली असती, पावसाच्या पाण्याने 160 च्या वर जाते. वडी तीच. पन्नास दिवसांचा फरक नुसत्या पाण्याचा. आता पाऊस नसेल तेव्हा घरातल्या आरओचं अर्धी वाटी पाणी घेतो.

दुसरी गोष्ट ठेवण्याची. सुंदर डबीत झाकण लावून ठेवलेली वडी खालून पाण्यात भिजत राहते आणि रात्रभरात साय धरते, ती साय दुसऱ्या दिवशी वाहून जाते. बाबांची जुनी पद्धत म्हणजे वडी स्टीलच्या जाळीवर उभी ठेवायची, नाण्यासारखी कडेवर. ब्रश जास्त ओला घेऊन वडीवर घासायचा नाही, आधी झटकायचा, तीस-चाळीस फेऱ्या मारून दाट साबण उचलायचा आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने चेहऱ्यावर घालायचं. या एका सवयीने त्यांनी ते साडेपाच महिने काढले असणार. मी उलट करत होतो, जसं सगळे करतात.

कापायचं पूर्ण थांबलं असं नाही. ऑगस्टमध्ये एकदा ओठाच्या कोपऱ्यात लागलं, त्या बाजूला त्यांना जाणवतच नाही, रक्त मला आधी दिसलं. तुरटी दाबून धरली. ते म्हणाले, "तुहा हात अजून भरोश्याचा नाई." मी म्हटलं, तुमचा डावा हात शिकवा मग. ते खरंच डाव्या हाताने ब्रश धरायला लागले. रेझर नाही, ब्रश. डाव्या गालावर फेस आता ते स्वतः लावतात. उजव्या गालापर्यंत हात पोचतो, पण अंदाज चुकतो, कानात फेस जातो. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी बघितलं आणि हे रोज करू द्या म्हणाल्या.

काल सोमवार होता. काट्यावरून वडी घेऊन आलो, तर बाबा खुर्चीत टॉवेल गळ्याला लावून बसलेले होते.

"किती राह्यली?"

"एकेचाळीस ग्रॅम."

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर हिशोब केला. बराच वेळ लागला.

"म्हणजे दिवाळी जाते," ते म्हणाले. "आन, ब्रश दे इकडं."